पहिले धुवण

पुंजाजी, स्वप्ने सांगत बसण्याची मला सवय नाही, हे तू जाणतोस. हे एक सांगतो. ते तुझे आहे; ते माझ्याजवळ ठेवून घेण्याचा मला अधिकार नाही.

परवा तुझी तेरवी झाली. काल दुपारी जेवणानंतर खुर्चीतच माझा डोळा लागला. प्रयोगशाळेतल्या आपल्या कोपऱ्यातली काचेची बशी समोर होती. तिच्यातली चकती फुगत होती. नेहमीसारखीच, डोळ्यांना कळणार नाही इतक्या संथपणे. मग ती बशीच्या कडेवर आली, टेबलाएवढी झाली, खोलीएवढी झाली. खिडकीतून आलेला उजेड तिच्यात शिरला आणि तिथेच थांबला. त्या उभ्या पाण्यातून तू चालत होतास. धोतर कोरडे होते. दुखरा पाय तू नीट टेकत होतास. माझ्याकडे पाहून तू काही विचारलेस. ओठ हलले, शब्द ऐकू आला नाही. उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले आणि जागा झालो.

काय विचारलेस, ते मला ठाऊक आहे. शेवटच्या भेटीतही तू तेच कारण विचारले होतेस. "काहून?"

तू कधी जन्मलास, तुझ्यामागे कोण कोण आहे, हे मी येथे लिहिणार नाही. ज्यांना ते हवे, त्यांच्याजवळ ते आहे. माझ्याकडे तुझा एक प्रश्न उरला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहितो. आधी काही गोष्टी क्रमाने आठवून पाहतो. क्रम चुकला की माझे उत्तर चुकते.

सर्वांत जुने जे आठवते, त्यात आपण दोघे पाठीवर निजलो आहोत. मेडशीला तुमच्या घरामागे चिंचेची दोन झाडे होती. त्यांच्यामध्ये घोंगडीचा ताणा बांधलेला असे. लोकरीचे काळे धागे या झाडापासून त्या झाडापर्यंत. तुझे वडील कुंचा घेऊन त्यांवर चिंचोक्याची खळ फिरवत पुढे जात आणि मागे येत. आपण ताण्याखाली निजून धाग्यांच्या फटींतून आभाळ पाहत असू. वरून थेंब पडे. तो गालावर वाळला की कातडी ओढल्यासारखी होई. तू म्हणायचास, हसू नको, गाल फाटंन. मी हसत नसे. तू मला हसवण्याचे प्रयत्न त्या वयात सुरू केलेस आणि पुढे कधी सोडले नाहीस. त्या दुपारी किती वेळ चालत, हे मला सांगता येणार नाही. त्यांना शेवट होता, असे आठवत नाही.

मग मी शिकायला वाशीमला आलो, तिथेच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्त झालो. तू मागावर राहिलास. वर्षातून दोनदा भेट होई. निवृत्तीनंतर मी एका विषयाचे वाचन सुरू केले. वनस्पतींतील गोंदापासून एक पदार्थ करता येतो. तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो, तरी त्यात विरघळत नाही. त्याला हायड्रोजेल म्हणतात. अशा पदार्थाची पट्टी जखमेवर ठेवली तर जखम ओली राहते, चिकटत नाही, नवी कातडी शांतपणे येते. ज्या गोंदांची नावे वाचली, त्यांत चिंचोका होता. मी पुस्तक मिटले आणि दुसऱ्या दिवशी मेडशीची एसटी धरली.

तू मागावरून मान वर न करता म्हणालास, "मास्तरा, जलमभर दुसऱ्याले शिकवलं, अन् आता खळ शिकाले माह्याकडं आला?"

"हो."

"मंग बस खाली. शिकनाऱ्याले खाट नाई भेटत."

मी खाली बसलो. चिंचोके किती भाजायचे, टरफल केव्हा सोडते, पीठ किती बारीक हवे, हे तू दाखवलेस. खळ जमली की नाही, हे तू अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घेऊन, बोटे कानाशी नेऊन, हळूच उघडून ऐकायचास. मी विचारले, काय ऐकू येते? तू म्हणालास, "थे सांगता येत नाई. तू ऐक." मी ऐकले. मला काही ऐकू आले नाही. पुढे तीन वर्षे मी उपकरणाने जे मोजत होतो, ते तू कानाने आधीच सांगत होतास आणि बहुधा बरोबर सांगत होतास.

प्राचार्यांनी प्रयोगशाळेतला एक कोपरा वापरू दिला. तू मंगळवारी आणि शनिवारी येऊ लागलास. पिठाची खळ शिजवायची, गाळायची, तीत स्पिरिट ओतून शुद्ध गोंद वेगळा काढायचा, हे तुझे काम झाले. त्या गोंदाच्या आत काय असते, हे मी तुला एकदाच सांगितले. साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात. शास्त्रात त्यांना बहुशर्करा म्हणतात. पाण्यात त्या सुट्या असतात, म्हणून खळ धुतली की निघून जाते. साखळीला साखळी रासायनिक गाठीने बांधली, तर जाळे होते. जाळे पाणी पिते आणि फुगते. सुटून जाऊ शकत नाही.

तू क्षणभर विचार केलास. "म्हंजे पान्याचं घोंगडं विनाचं, असं म्हन ना."

"तसे म्हणता येईल."

"तसंच म्हन. सोपं हाये."

गाठी मारणाऱ्या द्रव्याचे नाव ग्लुटराल्डिहाइड. तू ते उच्चारण्याचा प्रयत्नही केला नाहीस; त्याला 'गाठ्या' म्हणालास. त्याचा वास नाकात शिरला की डोळ्यांत पाणी येते. त्याला हात लावण्याची तुला मनाई होती. ते मी हातमोजे घालून मिसळत असे. जेल बसून घट्ट झाले की त्याच्या चकत्या कापून धुण्यासाठी तुझ्या स्वाधीन करत असे. ओल्या, नाजूक गोष्टी उचलणारे तुझे हात माझ्या हातांपेक्षा शहाणे होते. धुण्याविषयी मी तुला एक वाक्य सांगितले: "तीन पाण्यांतून काढ."

तेवढेच वाक्य. ते लक्षात ठेव.

पहिल्या चकत्या फसल्या. काचेसारख्या कडक झाल्या, पाण्यात टाकताच तडकल्या. मी वही उघडून आकडे तपासत होतो. तू एक तुकडा बोटांत धरून वाकवलास. "लय गाठी मारल्या तू. घट्ट विनलं का घोंगड्यात पानी शिरत नाई. पावसासाठी चांगलं हाये थे. पन तुले तं पानी आत पाह्यजे. ढिलं ठेव." मी गाठ्या निम्म्याने कमी केला, मग आणखी कमी. एका शनिवारी सकाळी वाळवलेली चकती पाण्यात ठेवली आणि आपण दोघे स्टुलांवर बसलो. काही घडत नव्हते. बाहेर मुलांचे तास सुरू झाले, संपले. काही घडत नव्हते, आणि तरी प्रत्येक वेळी पाहावे तर ती मोठी झालेली होती. कडा मऊ झाल्या. उजेड आरपार जाऊ लागला. दुपारपर्यंत बशीत पाणी होते आणि पाण्यात आकार असलेले पाणी होते. तू ती तळहातावर घेतलीस. ती थरथरली, सांडली नाही.

"पानी उभं राह्यलं, मास्तरा," तू म्हणालास. त्या दिवसाच्या नोंदीत मी वहीत 'ढिले ठेवणे' असे लिहून पुढे तुझे नाव लिहिले. तुला दाखवले नाही. दाखवायला हवे होते.

एक वाद आपण अर्धा सोडला. तुझे म्हणणे असे, की खळ धाग्याला विणकामापुरता आधार देते. घोंगडी एकदा उभी राहिली की पहिल्या धुण्यात तिने निघून जावे. "काम झाल्यावर राह्यली तं अंगाले टोचते. तुही चकती कधी जानार?" मी म्हणालो, ती जाणार नाही, हाच तर तिचा गुण आहे. तू म्हणालास, "हा गुन नाई, हा हट्ट हाये. तुह्यासारखा." तेव्हा मी विषय बंद केला. आता कबूल करतो. पाण्यात हळूहळू उकलणाऱ्या गाठीही असतात. पट्टीने आपले काम करावे आणि कुणी न ओढता विरून जावे, यासाठी त्या वापरतात. त्याविषयीची पाने मी काढून ठेवली होती, पुढच्या वादात तुझ्यासमोर टाकण्यासाठी. तो वाद तू जिंकला असतास. मी तो थोडा लांबवला असता, इतकेच.

मग गेल्या हिवाळ्यात शेतातून येताना कापलेल्या तुरीचे धसकट तुझ्या पायाच्या तळव्यात घुसले. तुला मधुमेह होता, जखम भरेना. दर मंगळवारी वाशीमच्या दवाखान्यात पट्टी बदलून तू लंगडत प्रयोगशाळेत येऊ लागलास. "पट्टी काढते तं जीवच काढते," म्हणायचास. "नवी कातडी आली का तिच्यासंगं निंगून येते." आणि टेबलावरच्या चकत्यांकडे पाहायचास. एका शनिवारी तू सरळ विचारलेस, यातली एक माझ्या पायावर ठेवू का?

मी म्हणालो, "पाहू."

त्या संध्याकाळी मी एक चकती माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला ठेवून कापडाने बांधली. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल झाली. तिसऱ्या दिवशी फोड आले. मी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला आणि कारण शोधू लागलो. प्रमाण बरोबर होते. वेळ बरोबर होती. तुझ्या टेबलाखाली झाकण ठेवलेली बादली होती. झाकण उचलले, आणि वासाने डोळ्यांत पाणी आले.

मला लगेच समजले. खळीच्या भांड्याचे आणि कुंच्याचे पहिले धुवण तुमच्या घरी कधी टाकत नाहीत. त्यात गोंद उतरलेला असतो; ते दुसऱ्या दिवशीच्या खळीत जाते. तुझ्या वडिलांना ते झाकून ठेवताना मी स्वतः पाहिले होते. तू चकत्यांचे पहिले धुवणही तसेच जपले होतेस आणि पुढच्या चकत्या त्यातच धूत होतास. तीन पाणी तू प्रामाणिकपणे मोजत होतास. पण चकत्यांतून सुटलेला गाठ्या दर वेळी त्याच बादलीत उतरत होता, दर वेळी अधिक होत होता आणि नव्या चकत्यांत परत शिरत होता.

मी ती बादली रिकामी केली. मंगळवारी तू आलास, खाली वाकलास.

"माह्यं धुवण कोनं फेकलं?"

मी म्हणालो, "मांजराने सांडले असावे."

तू माझ्याकडे पाहिलेस, मग बादलीकडे. "मांजरानं झाकन काढलं, धुवण सांडलं, जमीन पुसली अन् झाकन परत ठेवलं? लय शिकेल मांजर हाये बाप्पा. कॉलेजातलंच असंन."

मी हसलो नाही. तूही हसला नाहीस.

"बरं. मंग लावतं काय पायाले?"

"नाही."

"काहून?"

"नियम आहे. परवानगी लागते."

"घोंगडं पांघराले कोनाची परवानगी घेतो काय आपन?"

"हे घोंगडे नाही."

"तीन वर्सं तं होतं. माह्या पायापाशी आलं अन् घोंगडं नाई राह्यलं?" तू काठी उचललीस. "माह्या हातचं हाये म्हनून नाई म्हनतं तू. तसं सांग ना तोंडानं. एवढा जुना दोस्त, अन् मांजरामांगं लपून राह्यला."

तू जिना उतरून गेलास. खिडकीतून मी पाहिले. फाटकापाशी थांबून तू पायाची पट्टी सारखी केलीस, आणि मग बसस्थानकाच्या दिशेने वळलास. मी खाली आलो नाही. पुढच्या मंगळवारी तू आला नाहीस, शनिवारी आला नाहीस. मी नव्या चकत्या केल्या, दर वेळी पाणी फेकून त्या धुतल्या, एक उजव्या हातावर बांधून पाहिली. काही झाले नाही. मग वाट पाहिली. वाट पाहणे मला जमते, निघणे जमत नाही. त्या दिवसांत दुपारी डोळे मिटले की मी ताण्याखाली निजलेला असे. धाग्यांपलीकडे आभाळ, आणि शेजारची जागा रिकामी. तरीही मी मेडशीची बस धरली नाही.

तुझ्या घरून गिरजावहिनींचा फोन आला तेव्हा मी बशीतले पाणी बदलत होतो. तू दुपारी मागाशेजारी निजलास आणि उठला नाहीस. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितले. पायाची जखम तोवर जवळजवळ मिटली होती, दवाखान्याच्या साध्या पट्टीने. माझ्या नकाराने तुझे काही बिघडले नाही, असे लोक मला सांगतात. पायापुरते ते खरे आहे.

परवा तेरवीला जेवणाची पंगत उठल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊजी, एक इचारू? त्यायच्या हातात काही खोट होती काय? मांगचे कितीक दिवस थे आपले हातच पाहत बसत. म्हनत, मास्तराले माह्या हाताची किळस आली."

मी बाही वर केली. फोड गेले आहेत; फिकट डाग राहिला आहे. मी त्यांना सर्व सांगितले, बादलीसकट. माझ्या बोलण्याच्या मानाने ते पुष्कळच होते. मांजराची गोष्ट आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पदर गेला, आणि पदराआड त्या हसत होत्या की काय, हे मला कळले नाही. मग त्यांनी विचारले, "हे त्यायले काहून नाई सांगतलं?"

"त्याला वाईट वाटले असते."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "त्यायनं जलमभर चुकलेलं घोंगडं उसवलं अन् परत विनलं, भाऊजी. चुकलं म्हनल्यावर त्यायले कधी वाईट नाई वाटलं. तुमी सांगतलं नाई, त्याचं वाटलं."

परतीच्या बसमध्ये मी त्याचाच विचार केला. तुझी चूक झाकून मी तुझा मान राखला, अशी माझी समजूत होती. एसटी वाटेत मालेगावला थांबली तेव्हा ध्यानात आले, की ती चूक तुझी नव्हतीच. तुला काय करायचे, ते मी सांगितले होते. का करायचे, ते सांगितले नव्हते. चाळीस वर्षे वर्गात मी मुलांना कारणे दिली आणि मित्राला हुकूम दिला. तू आपल्या वडिलांच्या शिकवणुकीने माझ्या वाक्याची रिकामी जागा भरलीस. दुसरे तू काय करणार होतास?

म्हणून आता ऐक. नेहमीपेक्षा लांब बोलणार आहे.

गाठ्या साखळीला साखळी बांधतो. पण सगळा गाठ्या गाठीत जात नाही. काही मोकळा उरतो, जाळ्यातल्या पाण्यात लपून बसतो. खळीच्या धुवणात उतरतो तो गोंद, म्हणजे तुमची कमाई. म्हणून तुझे वडील ते झाकून ठेवत आणि त्यांचे बरोबर होते. चकतीच्या धुवणात उतरतो तो हा उरलेला गाठ्या. तो कातडीला भेटला की तिलाही बांधू पाहतो. तिची आग होते, फोड येतात. कोऱ्या पाण्यात तो चकतीतून बाहेर पडतो, त्याच पाण्यात पुन्हा धुतले तर परत आत जातो. म्हणून दर वेळी पाणी नवे हवे आणि पहिले धुवण तर टाकलेच पाहिजे. आणि हेही खरे, की उत्तम धुतलेली चकतीसुद्धा मी तुझ्या उघड्या जखमेवर ठेवली नसती. ती निर्जंतुक नव्हती, कुणी तपासलेली नव्हती, आणि पाय तुझा होता. दुसऱ्या कुणाचा असता, तर नियम सांगताना माझा आवाज इतका कोरडा झाला नसता.

एवढे सांगायला किती वेळ लागला? एक चहा थंड होईपर्यंतही नाही. पहिल्याच शनिवारी मी हे सांगायला हवे होते. तू कुंचा झाडावा तशी मान झाडली असतीस. "बाप्पा, इतकंच व्हय? मंग तोंडात काय खळ लावून बसला होता?" असे म्हणाला असतास, आणि बादली उचलून दाराबाहेर गेला असतास.